हाताला उरलेलं

साहेब, ती डबी तुमच्या कपाटात आहे आणि तुम्ही नाही म्हणून सांगता. मी तुम्हाला खोटारडे म्हणते. कागदावर म्हणते, म्हणजे उद्या मला ते नाकारता येणार नाही. तुमच्यासारखं.

निळ्या झाकणाची, लिंबाएवढी डबी. वर चिकटवलेली चिठ्ठी, ‘हाडांसाठी कॅल्शियम मलम’. आत निम्म्याहून कमी उरलेलं काचेसारखं मलम. मी माझ्या हातानं तुमच्या टेबलावर ठेवली.

सुरुवातीपासून सांगते, कारण दोन्ही वेळा तुम्ही मला मधेच तोडलं.

मिसारवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे. तिथल्या मंडपात मागच्या संक्रांतीनंतर हाडांचं शिबिर भरलं. फलकावर तुमच्या औषध खात्याचं नाव होतं. बाया ते नाव बघूनच गेल्या. माझी सासू बानाबाई, म्हणजे आमची आत्याबाई, पण गेली. खोक्यासारख्या मशीनमध्ये टाच घालायची, कागदाची पट्टी बाहेर यायची. गल्लीतल्या एकूण एक बाईची पट्टी लाल निघाली. कोट घातलेल्या माणसानं आत्याबाईला सांगितलं, तुमची हाडं भुसभुशीत झाली, कॅल्शियम उरलंच नाही.

सोयगावकडच्या डोंगरात मेंढरांमागं उभं आयुष्य चाललेली बाई ती. तिकडं दूध होतं, ताक होतं. मेंढरं गेली, आम्ही शहरात आलो, आणि घरात येणारं दूध माझ्या तनूचं झालं. तनू साडेपाच वर्षांची. तिचं पिऊन उरलं तर चहाला. आत्याबाई कोराच चहा प्यायची आणि मला असाच आवडतो म्हणायची. म्हणजे कॅल्शियम खरंच कमी असेल. ते मी नाकारत नाही. पट्टी खरी होती का, एवढंच मला माहीत नाही.

शिबिरातून दोन वस्तू मिळाल्या. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही डबी. गोळी पोटातून आणि मलम कातडीतून, हाडाला दोन्हीकडून खुराक, असं त्या माणसानं समजावलं. सकाळी हातांना, मांड्यांना जिरेपर्यंत चोळा म्हणाला. पुढं काय करायचं ते सांगितलं नाही. चिठ्ठीवरही नव्हतं.

आता आमच्यातली एक रीत ऐका. ही तुम्हाला कुठल्या फायलीत सापडणार नाही. लोणी काढलं, तेल लावलं, कसलं मलम चोळलं, की तळहाताला जे उरतं ते आम्ही फडक्याला पुसत नाही. जवळच्या लेकराला ओढायचं आणि त्याच्या पिंढऱ्यांना पुसायचं. रानात राहणाऱ्या माणसांना तेल-लोणी सहज मिळत नव्हतं, त्यातून लागलेली सवय. माझा नवरा हनुमान असाच वाढला. तनूही तशीच वाढत होती. सकाळी आजी पाय लांब करून मलम जिरवायची, तनू फ्रॉक वर धरून पुढ्यात बसायची. हाताला उरलेलं तिच्या पायांना. मग त्याच हातानं डोक्याला तेल, मग वेणी. मी कंपनीत जायचा डबा भरता भरता हे बघायची आणि मला बरं वाटायचं. माझ्यामागं पोरीला कोणी तरी मायेचं आहे, असं वाटायचं.

महिनाभरात आत्याबाईला तरतरी आली. गुडघे धरून उठणारी बाई पाण्याची घागर उचलायला लागली. आवाज जाड झाला. सोयगावहून दिराचा फोन आला, तो आत्याबाईनं घेतला, तर दीर म्हणाला, हनुमान, जरा आईला फोन दे. आम्ही दोन दिवस त्यावर हसलो. आत्याबाई सगळ्यात जास्त हसली. हनुवटीवर राठ केस आले, ते ती आरशात बघून चिमट्यानं उपटायची आणि हनुमानला म्हणायची, तुझ्या दाढीचं सामान आता दोघांत.

शिबिराचा माणूस दर महिन्याला मोटारसायकलवर येऊन पैसे घेऊन नवी डबी द्यायचा. पावती कधी दिली नाही.

मग डोक्याचे केस जायला लागले. भांग रुंद झाला, टाळू दिसायला लागली. आत्याबाई घरातही पदर डोक्यावरून काढीना. शेजारच्या केसरबाईनं निदान केलं, कॅल्शियमच्या गोळ्या गरम पडतात, त्यानं केस जातात. मला पटलं. मीच आत्याबाईला म्हटलं, गोळ्या बंद करा, मलमानं गुण येतोय तर मलमच जास्त लावा. हे मी बोलले. तुमच्यावर आरोप करते म्हणून स्वतःचं झाकणार नाही. त्या दिवसापासून गोळ्या फळीवर पडल्या, आणि मलम सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. म्हणजे तनूच्या पायांना पण दोन वेळा.

तनू अंगानं लागली होती. फ्रॉक आखूड व्हायचे. बालवाडीतल्या पोरांना ढकलून द्यायची. घामाला मोठ्या माणसासारखा वास यायचा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, काय खाऊ घालतेस गं. मी फुशारकीनं सांगायची, दूध.

हे सगळं कोणी ओळखलं, माहीत आहे? डॉक्टरनं नाही. तुमच्या खात्यानं तर नाहीच. द्वारकाबाईनं ओळखलं. ती केसांवर भांडी देते. बाया विंचरताना निघालेलं गुंतवळ गोळा करून पत्र्याच्या फटीत खोचून ठेवतात, द्वारकाबाई दोन-तीन महिन्यांनी येते, गुंतवळ घेते आणि वाटी, पळी, चाळणी असं काहीतरी देते. तिला गल्लीतल्या प्रत्येक बाईचं डोकं बोटांना माहीत आहे. श्रावणात ती आली. आत्याबाईनं पिशवी पुढं केली. द्वारकाबाईनं हात घातला, मूठभर केस उजेडात धरून बोटांनी चोळून बघितले.

मग म्हणाली, “बानाबाई, तुझ्या घरात निळ्या झाकणाची डबी हाय का?”

आत्याबाई म्हणाली, “हाय की. का?”

“ह्या गल्लीत पाच घरांतून मला दुप्पट गुंतवळ मिळायलंय. समद्या म्हाताऱ्या बायांचं. आन पाची घरांत ती डबी हाय. माझा तर फायदाच हाय बाई. पर तू घरात डोकं झाकून बसलीस म्हणून बोलले.”

तनू तिच्या भांड्यांच्या टोपलीत वाकली होती. फ्रॉक वर सरकला होता. द्वारकाबाईनं तिच्या पायाकडं बघितलं, हात लावला, आणि मला म्हणाली, “सूनबाई, पोरीच्या पिंढरीला हे काय उगवलंय?”

काळी लव होती. दाट. पोरीच्या पायावर नसते तशी. मी रोज तिला आंघोळ घालत होते आणि मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी दार लावून तिचे सगळे कपडे काढून बघितलं. जे दिसलं ते इथं लिहीत नाही. साडेपाच वर्षांच्या पोरीला ते नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. लहान मुलांच्या मॅडमनी तनूच्या डाव्या हाताचा एक्सरे काढायला लावला. फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, हिचं वय साडेपाच, पण हाडं दहा वर्षांची झालीत. हाडांना अशी घाई झाली की उंचीही लवकर थांबते. घरात कोणी कसलं मलम लावतं का, असं त्यांनी विचारलं.

“मीच लावते,” आत्याबाई म्हणाली. “हाताला उरलेलं हिला पुसते.”

मॅडमनी पेन खाली ठेवला. मग हळूहळू समजावलं. कॅल्शियम पोटातून जातं, दुधातून, तिळातून, नाचणीतून, गोळीतून. कातडीला चोळून ते हाडापर्यंत पोचत नाही. गोळ्यांनी केस गेले नाहीत, गोळ्या चालू ठेवायला हव्या होत्या. केस जाणं, आवाज जाड होणं, दाढी येणं, पोरीचं हे सगळं, या मलमात पुरुषाचं हार्मोन असावं असं दिसतंय. अशी औषधं खरी असतात, पण त्यांच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, लावल्यावर हात धुवा, जागा झाका, लेकरांना लांब ठेवा.

आत्याबाईनं विचारलं, “म्हंजी माझ्या हातानं झालं?”

मॅडम म्हणाल्या, हाताचा दोष नाही, डबीचा आहे. आत्याबाईनं दोन्ही तळहात उघडून बघितले आणि पदराखाली घेतले. त्या दिवसापासून ते बाहेर आलेले नाहीत म्हटलं तरी चालेल.

पण तेवढ्यावर मिटलं नाही. पुढच्या खेपेला सोनोग्राफीत तनूच्या उजव्या मूत्रपिंडाच्या वर हरभऱ्याएवढी सावली दिसली. मॅडम म्हणाल्या, ही काहीच नसेल, किंवा गाठ असेल, आणि अशी गाठ स्वतःच हे हार्मोन तयार करते. मलम बंद केल्यावर रक्तातलं प्रमाण उतरतंय, पण रेंगाळत. डबीत तेच हार्मोन आहे आणि भरपूर आहे असं कळलं, तर थांबून बघता येईल. नाही कळलं तर पोट उघडून बघावं लागेल. डबी तपासून घ्या, ते काम औषध खात्याचं आहे, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली.

ते खातं म्हणजे तुम्ही.

मंगळवारी आम्ही डबी तुमच्याकडं दिली. माझ्या अर्जाच्या प्रतीवर तुमचा शिक्का आहे. गुरुवारी मोटारसायकलवाला गल्लीत आला आणि जुना माल बदलून देतो म्हणून बाकीच्या चारही घरांतल्या डब्या घेऊन गेला. नवा माल आजपर्यंत आला नाही. द्वारकाबाई आणि मी शनिवारी दारोदार फिरलो, तेव्हा बाया म्हणाल्या, कालपरवाच तर नेल्या. मंगळवारी आम्ही तुम्हाला सांगितलं आणि गुरुवारी त्याला कळलं. मधे फक्त तुम्ही होता.

पंधरा दिवसांनी आलो तर डबी मिळालीच नाही म्हणालात. शिक्का दाखवला. तुम्ही चष्मा काढून तो शिक्का असा बघितला, जसा काही तो मी घरी बसून मारलाय. मग म्हणालात, मिळाली होती, पण नमुना अपुरा होता. मी म्हटलं, अपुरा तर अपुरा, परत द्या. म्हणालात, परत देता येत नाही. मग म्हणालात, शिबिर आमचं नव्हतंच, फलकावर कोणीही नाव लिहितो. साहेब, हनुमान टेम्पो चालवतो. मागच्या आठवड्यात तो देवगाव रंगारीला माल टाकायला गेला होता. तिथं तोच फलक लागला आहे, तीच मशीन, तुमचंच नाव. कोणीही लिहितो तर तुम्ही पुसत का नाही?

त्या दिवशी आत्याबाईनं तुमच्या टेबलावर पिशवी ठेवली. तिचं स्वतःचं गुंतवळ. द्वारकाबाईनं ते नेलं नव्हतं, पुरावा म्हणून ठेव म्हणाली होती. तुम्ही पेनच्या टोकानं पिशवी सरकवली आणि म्हणालात, आजी, वय झालं की केस जाणारच, टेबल घाण करू नका.

आत्याबाईनं पदर मागं घेतला. चार महिन्यांत पहिल्यांदा परक्या माणसासमोर डोकं उघडं केलं. तुम्ही खिडकीकडं बघायला लागला.

ती म्हणाली, “साहेब, माझं डोकं जाऊ द्या. पोरीचं पोट वाचवा.”

तुम्ही शिपायाला हाक मारली.

आता घरात काय चाललंय ते सांगते. आत्याबाई राखेनं हात घासते. दिवसातून किती वेळा ते विचारू नका, बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. भाकरी थापत नाही. तनूला ताट सुद्धा जमिनीवरून सरकवून देते. मॅडमनी दोनदा सांगितलं, आता मलम नाही, आता हात लावायला हरकत नाही. ती हो म्हणते आणि हात पदराखाली घेते. गोळ्याही घेत नाही. मी पुढं केल्या तर म्हणते, “तुझ्या पोरीची हाडं धावायलीत, मला माझी कशाला धड पाह्यजेत.”

तनू रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन आजीसमोर बसते. पाठ करून. वेणी घालायची म्हणून. आजी म्हणते, जा, आईकडं जा. पोरगी उठत नाही. काल ती मान न वळवता म्हणाली, “आजी, मी काय केलं?”

आवाज ऐकून मी चूल विझवली. तो आवाज माझ्या पोरीचा राहिलेला नाही, साहेब. तो जाड झालाय. मॅडम म्हणतात, लव जाईल, वास जाईल, आवाजाचं सांगता येत नाही.

आत्याबाई उठून बाहेर गेली. तेल मीच लावलं. हाताला उरलं, ते मी फडक्याला पुसलं.

येत्या बुधवारी तनूचं पोट उघडणार आहेत. मॅडमनी सांगितलंय, मंगळवारी दुपारपर्यंत डबीचा अहवाल आला तर बुधवार थांबवते. मला माफी नको, चौकशी नको, शिबिरवाल्याला पकडल्याची बातमी नको. ते सगळं नंतर बघू. डबी तुमच्याकडं आहे, तपासायचं मशीन तुमच्याकडं आहे, आणि मला वाटतं उत्तरही तुमच्याकडं कधीचं आहे.

एका ओळीत लिहून द्या. त्या डबीत काय होतं?