टेपचा पहिला इंच

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचा रंग कोणता, हे आता मलाही आठवत नाही. त्याचं दार सूनबाईच्या चिठ्ठ्यांनी झाकून गेलंय. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते एक. भाषेची पिवळी चिठ्ठी, गणिताची निळी, बाहेर जायचं असेल तर गुलाबी. माझ्या दोन्ही नाती शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. सूनबाई आधी माल वाहणाऱ्या कंपनीत होती, कुठला ट्रक किती वाजता सुटणार ते ठरवायची. नोकरी सुटली पण सवय काही सुटली नाही. ट्रकच्या जागी पोरी आल्या, एवढंच.

मोठी दहा वर्षांची. एका जागी टेकत नाही म्हणून मी तिला फिरकी म्हणते. धाकटी सहाची, गोल आणि हातातून निसटणारी, ती गोटी.

त्या सगळ्या चिठ्ठ्यांत एक हिरवी होती, बुधवार, दहा ते अकरा. बाकीच्यांवर काय शिकायचं ते लिहिलेलं असायचं, अपूर्णांक, पानांचे आकार, पत्रलेखन. हिरवीवर फक्त ‘आजी’. मला ते फार आवडायचं, पण मी कुणाला बोलले नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, पुढची चाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर गेली, आणि आता गणिताच्या शेजारी मी! येताजाता मी त्या दाराकडे बघायचे आणि भांडं घ्यायला आल्यासारखं करायचे.

रविवारी नाश्ता झाला की पुढच्या आठवड्याची बैठक भरते. त्या रविवारी सूनबाईनं घसा साफ केला, तेव्हाच मी ओळखलं.

“आई, वाचनालयात पेटी शिकवणाऱ्या बाई आल्यात. त्यांना फक्त बुधवारी दहाचीच वेळ आहे.”

“मग?”

“मग तुमचा तास... म्हणजे, तुम्ही तर घरातच असता. कधीही बसता येईल पोरींना तुमच्याजवळ.”

“मी घरातच असते, तसं कपाटही घरातच असतं,” मी म्हटलं. “त्यालाही विचारून घे, कधी मोकळं आहे.”

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरात कायम दोन मजल्यांच्या मधे अडकलेला असतो. तो चहाच्या कपात बघत राहिला.

“तसं नाही हो आई. प्रत्येक तासाचं मी लिहून ठेवते, शेवटी पोरींना काय येणार ते. तुमच्यापुढे काय लिहू, सांगा.”

बुधवारी आम्ही काय करायचो, तर उसवलेलं शिवायचो, बटणं लावायचो, आणि कुणाच्या बाह्या कशा बसत नाहीत ह्यावर बोलायचो. नाकाला मिरच्या झोंबल्या. फिरकीच मधे पडली.

“पुढच्या रविवारी आम्ही करून दाखवतो. आजीकडे शिकलेलं. मग ठरवा.”

“काय करणार?” सूनबाई.

फिरकीनं जेवणाच्या टेबलाखाली बोट दाखवलं. टेबलाला चारही बाजूंनी पडदा शिवायचा आणि आत वाचायची खोली करायची. गोटी लगेच खाली शिरून बसली, खोलीची मालकीण असल्यासारखी.

“ठरलं,” मी म्हटलं. “जमलं नाही तर वाजवा पेटी.”

बुधवारी मी गुडघे मोडत टेबलाला टेप लावली. चौकोनी टेबल, प्रत्येक बाजू चाळीस इंच. “शिलाईत अर्धा इकडे जातो, अर्धा तिकडे,” मी फिरकीला सांगितलं. “म्हणून एक्केचाळीसचे चार तुकडे काप.” टेप गळ्यातून काढून तिला दिली आणि स्वतः मशीनच्या तेलपाण्याला लागले. दुसऱ्याच्या कापण्यात मी हात घालत नाही, तो माझा जुना नियम. कात्री ज्याच्या हातात, कापड त्याचं. जुन्या निळ्या चादरीचे तिनं चार तुकडे काढले, एकावर एक ठेवले, तर चारही काठ असे जुळले की मी म्हटलं, हात माझाच गेलाय हिच्यात.

शनिवारी दुपारी शिलाई झाली. तीन कोपरे जोडले, चौथ्याला ये-जा करायला काज-बटणं. गोटीनं बटणं निवडली, पाचही वेगवेगळी. फिरकी म्हणाली, “आजी, एकदा लावून बघूया?”

“माणसाला लावून बघायचं असतं गं,” मी म्हटलं. “टेबल काय बुधवारपासून जाड झालंय?”

रविवारी बैठक भरली. फिरकीनं पडदा गुंडाळायला घेतला. पहिली बाजू, दुसरी, तिसरी. चौथ्या कोपऱ्यावर आली आणि थांबली. ओढलं, पुन्हा ओढलं. बटण इकडे आणि काज तिकडे, मधून माझा अख्खा पंजा गेला असता. त्या फटीतून गोटीनं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, “दार उघडंच राहिलंय.”

सूनबाई हसली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते. ती म्हणाली, “राहू दे, तरी किती छान झालंय.” ते जास्त लागलं.

आणि तेवढ्यात माझा हात गळ्यातल्या टेपवर गेला आणि मला लख्ख आठवलं. त्या टेपच्या टोकाची पत्र्याची टोपी केव्हाच पडलीय. टोक विरलं म्हणून पहिला इंच मीच कापून टाकला होता, मुलाच्या लग्नाच्याही आधी. तेव्हापासून माझी टेप एकपासून सुरू होते. मी एकचा आकडा काठावर धरते आणि जे येईल त्यातून मनातल्या मनात एक काढते. इतकी वर्षं काढतेय की काढते हे माझं मलाच कळत नाही. पोरीला सांगायचं राहूनच गेलं.

माझ्या शिवण्याला आजवर कुणी आखूड म्हटलेलं नाही. आणि आता, ह्या चिठ्ठ्यांच्या दारासमोर, माझ्याच तोंडानं? पण पोरीची हनुवटी थरथरायला लागली होती. मी तोंड उघडलं.

“कुणी बोलू नका,” फिरकी म्हणाली.

ती बापाची लोखंडी टेप घेऊन टेबलाखाली गेली. आतून आकडे ऐकू येत होते. “एकोणचाळीस. एकोणचाळीस. गोटी, पाय काढ. एकोणचाळीस.” मग चौथ्यांदा एकोणचाळीस.

बाहेर आली तेव्हा केसांत धागे होते आणि रडणं कुठल्या कुठे गेलं होतं.

“माझा हात चुकला असता तर एक तुकडा कमी झाला असता, एक जास्त. चारही बरोब्बर एकेक इंचानं कमी आहेत. चार तुकडे, चार इंच फट. सारखीच चूक सगळीकडे, म्हणजे ती हाताची नाही.” तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं. “आजी, तुझी टेप दे.”

मी दिली. तिनं टोक धरलं, डोळ्याजवळ नेलं, आणि ओरडली, “हिला पहिला इंचच नाही!”

“नाही,” मी म्हटलं. “मला माहीत होतं. तुला सांगायला मी विसरले. चूक माझी आहे.”

मुलानं कप खाली ठेवला. सूनबाई म्हणाली, “आई, हे कुठल्या रंगाच्या चिठ्ठीवर लिहू?”

“सोनेरी असेल तर बघ,” मी म्हटलं.

मग जे हसू फुटलं ते गोटीला कारण न कळताही थांबेना. सूनबाई डोळे पुसत फिरकीच्या शेजारी जमिनीवर बसली. “हे तू कसं शोधलंस गं? मी दोन महिने पुस्तकातून हेच समजवायला बघतेय, चूक कशी शोधायची ते.”

“आजी उसवताना तसंच करते,” फिरकी म्हणाली. “एकच टाका चुकला तर हात, सगळी शिवण चुकली तर मशीन.”

हे मी कधी शिकवलं, देव जाणे. बाह्यांवर बोलता बोलता गेलं असेल.

फटीत चार इंचांची पिवळी पट्टी लावायची ठरली. “पाच कापायची,” गोटी टेबलाखालून म्हणाली, “शिलाईत एक जातो.” पेटीच्या बाईंना सूनबाईनं तिथल्या तिथे फोन लावला. ट्रकवाल्यांशी भांडलेली बाई ती, दोन मिनिटांत गुरुवारी चारची वेळ काढली.

“आता तुमच्या चिठ्ठीवर काय लिहू?” तिनं विचारलं.

“होतं तेच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी मुलानं मला नवी टेप आणून दिली, चकचकीत, दोन्ही टोकांना टोप्या. मी त्या टेपनं पिवळी पट्टी मोजली, सहाच्या आकड्यातून सवयीनं एक वजा करून ती पाचची धरली, कापली आणि पडद्याला शिवूनही टाकली. पट्टी सहाची निघाली, एक इंच जास्त. फिरकी माझी जुनी टेप गळ्यात घालून समोर उभी होती.

“आजी,” ती म्हणाली, “उसव.”