देवघराशेजारचा मुका रेडिओ

"पानी लागू द्यायचं नाय, वयनी. आनि आवाज गेला तर आधी मला सांगायचं, दुसऱ्या कुनाला नाय."

नागूचे हे शब्द अजून माझ्या लाकडात मुरलेले आहेत. मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा. पण आवाज गेला की रेडिओ लवकर जुना होतो.

लढाई संपली त्या वर्षी दहिवलीच्या नागूने मला घडवले. फळ्या फणसाच्या, आतले भाग लष्कराच्या लिलावातले. असे बारा रेडिओ त्याने बनवले आणि आसपासच्या गावांत दिले. मी नदीपारच्या कोंडाजीच्या घरी आलो. ती ताकीद नागूने कोंडाजीच्या बायकोला, अंबाबाईला दिली होती. ती म्हणाली होती, "देवासमोर सांगते नागू, तुलाच आधी सांगेन."

सकाळी माझ्यातून भजन लागे. म्हणून अंबाबाईने मला देवघराशेजारी पाटावर बसवले. भजनानंतर बातम्या आणि बाजारभाव. शेजारची बायजा हसून म्हणायची, "अंबे, तुजा देव भाताचा भाव पन सांगतो गं."

वर्षभराने इतर तीन रेडिओ खरखरून बंद पडले. नागूने ते उघडले. कंडेन्सर नावाचे छोटे नळकांडे सदोष निघाले. सगळे एकाच खोक्यातून आणलेले. तो गावोगाव चालत गेला आणि चावडीवर उभा राहून बोलला, "माल वाईट निघाला. चूक माजीच हाय. जो खरखरंल तो आना, बदलून देतो." माझी तक्रार नव्हती, तरी घरी येऊन त्याने देवघरापाशी बसून माझाही कंडेन्सर बदलला. कोंडाजी तेव्हा खळ्यावर होता. काढलेला तुकडा नागूने अंबाबाईच्या तळहातावर ठेवला. पाहिले ते तिने एकटीने.

मग माझा आवाज का गेला? मित्रांनो, सांगताना जड जाते. अंबाबाई रोज पूजा झाली की घरभर तीर्थ शिंपडी, आणि मग माझ्यावरही. "यंत्र झालं म्हनून काय, नाव देवाचंच घेतंय ना," असे म्हणे. थेंब वरच्या फटींतून आत जात. मलाही तो मान वाटे. मी सुखावत राहिलो, आणि आत तारांवर हिरवा गंज चढत राहिला. एका सकाळी भजनाच्या मध्यावर माझा घसा बसला.

पुसताना मागच्या जाळीतून तो हिरवा रंग अंबाबाईला दिसला. त्या दिवसापासून तीर्थ तुळशीत जाऊ लागले. पण नागूकडे ती गेली नाही. आपल्या हातच्या पूजेने हे झाले, हे बोलायचे कोणत्या तोंडाने? आज सांगेन, उद्या सांगेन, असे करता करता महिना गेला.

तेवढ्यात खालापूरच्या एका वकिलाचा माणूस ओटीवर येऊन बसला. पदू त्याचे नाव. नागूवर दावा लावायला तो रेडिओ घेतलेल्यांच्या सह्या गोळा करीत होता.

"कंडेन्सर गेला म्हना, बस," पदू म्हणाला.

कोंडाजी म्हणाला, "पन उगडून कुनी बगितलाय?"

"उगडायचं कशाला? पोट दुखतं म्हनून कोन पोट फाडून बगतो काय? माल वाईट हाय हे नागूच चावडीवर बोललाय. त्याचीच जीभ आपली साक्षीदार."

नागू खरे बोलला, आणि तेच हे लोक त्याच्या गळ्यात अडकवायला निघाले होते. एकाचा रेडिओ तर बैलगाडीतून पडून फुटला होता. त्याचीही सही कागदावर होती.

अंबाबाई सूप हातात घेऊन दारात आली. "अवो, नागूनं तर..."

"तू गप गं. कोरटाचं काम हाय हे," कोंडाजी म्हणाला. त्याने सही केली. ती सूप घेऊन आत वळली. मी तर मुकाच होतो.

नंतर एकदा नागू आला. दुकानाची पाटी त्याने उतरवली होती. दावा हरला तर दुकान जाणार, हत्यारेही जाणार. त्याने वाद घातला नाही. माझ्यावर हात ठेवून एवढेच विचारले, "वयनी, आवाज कदी गेला वो? आधी मला सांगनार व्हता तुमी." तिने चुलीवर चहाचे आधण ठेवले. चहा न घेताच तो गेला.

मित्रांनो, यंत्र बिघडले तर आधी उघडून पाहा, घडवणाऱ्याला विचारा. आणि दोष आपल्या हातचा असेल तर तो दुसऱ्याच्या पदरात टाकू नका. मला वाचा असती तर एवढेच मी कोर्टात बोललो असतो.

उद्या तारीख आहे. कोंडाजी देवाची शपथ घेणार आहे.

आज सोमवार, अंबाबाईचा उपास. तिने दिवा लावला, हात जोडले. मग मला जुन्या लुगड्यात गुंडाळून टोपलीत ठेवले. तो काढलेला कंडेन्सर, नागूने माल बदलून दिल्याची खूण, तिने हळदीकुंकवाच्या करंड्यात जपला होता; तोही कनवटीला लावला. डोक्यावर चुंबळ, त्यावर टोपली.

ओटीवरून कोंडाजीने विचारले, "कुटं चाललीस गं उपाशी?"

"दहिवलीला. नागूला सांगायचं ऱ्हायलंय."

"काय सांगायचं?"

"माज्या हातनं झालं ते."

तो ओटीवरून उठला. अडवले मात्र नाही.

नदीच्या उतारावर ती थांबली. टोपली खाली घेतली आणि लुगड्याची घडी माझ्याभोवती आणखी घट्ट केली, पाणी लागू नये म्हणून. मग टोपली डोक्यावर घेऊन तिने हळूच पाण्यात पाय टाकला.