इगाचं पथ्य

नवरा, तेइजी, गेला आणि जाताना माझ्या गळ्यात दोन पथ्यं बांधून गेला. एक त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाई हात्सुए यांचं. त्यांना मधुमेह आहे. दुसरं इगाचं. इगा हा तेइजीने पाळलेला हेजहॉग. मुठीत मावणारा, पाठभर काटे, तोंड चिचुंद्रीसारखं. चेस्टनटच्या काटेरी बोंडाला आम्ही इगा म्हणतो, त्यावरून तेइजीने हे नाव ठेवलं. हौस त्याची आणि निस्तरणं माझं, हे लग्नापासूनच ठरलेलं होतं.

मुठीत मावणारा म्हणाले खरी, पण आता तो मावत नाही. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर ठेवून हळूच टोचलं, तेव्हा बिचाऱ्याने अंगाचा गोळा करायची पुष्कळ खटपट केली. पण छोट्या अभ्र्यात कोंबलेल्या उशीसारखं पोट बाहेरच राहिलं.

"ह्याला मिटता येत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृतावर चरबी चढलीय. असंच चाललं तर हा उन्हाळा काही काढणार नाही. काय घालता खायला?"

"त्याचं कोरडं खाणं, संध्याकाळी चमचाभर. जोडीला उकडलेली कोंबडी, नखाएवढी. तीही बिनमिठाची."

"अळ्या?"

"कधीमधी. लाड म्हणून एखादी."

"मग हा काय हवा खाऊन फुगला?"

कालची पोर ती, तिच्या मनात काही नव्हतं. पण माझे कान तापले. तेइजीच्या अंत्यविधीला त्याच्या आत्याने, ताकाकोबाईने, चारचौघांत मला हेच विचारलं होतं. "काय गं खायला घालत होतीस त्याला?" मी सुपरबाजारात तळणीवर काम करते. संध्याकाळी न खपलेली कोरोक्के घरी यायची, बटाट्याची, खरपूस तळलेली, आणि तेइजी ती मिटक्या मारत खायचा. मग एक दिवस त्याचं हृदय बंद पडलं. आत्या नाराला आपल्या घरी निघून गेली, पण तिचा तो प्रश्न आमच्याच घरी राहिला. आता इगाही माझ्या हातचं खाऊन गेला असता, तर मला आरशात बघायची लाज वाटली असती. मला तो जगायला हवा होता. प्रेमानेच असं नाही, पण हवा होता.

मग मी पथ्य आणखी कडक केलं. दिवसभर तेलासमोर उभं राहायचं, केसांना तळणीचा वास घेऊन आमच्या साकाई शहरातल्या चढावरून घरी यायचं, आणि पहिल्यांदा इगाची कोंबडी उकडायची. मग सासूबाईंच्या बिनसाखरेच्या भाज्या. मग अळ्यांचा डबा शीतकपाटातून काढायचा. तो मिसोच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, शेजारी असतो म्हणून सासूबाई रोज नाक मुरडतात. हे सगळं होईपर्यंत मला भूक उरायचीच नाही. ओट्याशी उभ्यानेच चहा घ्यायचा आणि पडायचं. इगासाठी पळायचं चाक आणलं. तो त्यात चढला आणि बसून राहिला. मला त्याचा हेवा वाटला.

एवढं करून वजनाचा काटा वरच चालला होता. माझ्या नाकी नऊ आले.

"वय झालं गं त्याचं, मिचियो," सासूबाई म्हणाल्या. "वयाने अंग सुटतंच."

"तुमचं नाही सुटलं, आई."

"तू सुटू देशील तेव्हा ना!"

आमच्या घरात रोज सकाळी सासूबाई पितरांच्या देव्हाऱ्याची दारं उघडतात. तेइजीच्या फोटोपुढे भात, चहा आणि एक मांजू ठेवतात; लाल पुरण भरलेला, वाफवलेला गोड पाव, कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः जाऊन आणलेला. स्वतःला तो चाखायचीही बंदी, पण लेकाला लहान मांजू चालायचा नाही. दुपारी तो खाली उतरवायचा आणि घरातल्यांनी खायचा. तो टाकून कुणी देत नाही. संध्याकाळी मी आले की त्या विचारायच्या, "मांजू ठेवलाय, खातेस?" मी म्हणायची, "नको आई, पोट भरलंय." मग त्याचं पुढे काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. शेजारच्या कुरोदाबाईंकडे जात असेल, असं धरून चालले होते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी इगाची झोपायची पिशवी धुवायला काढली. तो आत घोरत होता, त्याला अलगद टोपलीत ठेवलं. पिशवी उलटी केली तर हाताला चिकट लागलं. लाल पुरण. त्यात मांजूखालचा कागदही चिकटलेला.

सासूबाई खिडकीशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी हात त्यांच्यापुढे धरला.

"आई, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा सारखा केला, नीट निरखलं. "पुरण."

"ते मलाही कळतं. इगाच्या अंथरुणात कसं आलं?"

"मी दिलं त्याला."

इतकं सरळ म्हणाल्या की माझा राग अडखळलाच.

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, ते मी तुम्हाला घरी येऊन सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस. मग मी काय करू? मला खाता येत नाही, तू खात नाहीस. तेइजीपुढचं कचऱ्यात टाकू?"

"कुरोदाबाईंना द्यायचं!"

"घरात माणसं असताना परक्यांना?" त्यांनी एक शेंग फोडली, पण दाणे काढले नाहीत. "मी रोज ठेवते गं. आणि जसं ठेवलं तसंच खाली येतं. एक कडसुद्धा मोडलेली नसते. इगापुढे ठेवलं की सकाळी काही उरलेलं नसतं. बरं वाटतं."

मला ओरडायचं होतं. पण मी तिथेच तातामीच्या चटईवर बसले.

"अहो, मरेल तो अशाने."

"एवढ्याशा मांजूने?"

"एवढ्याशा मांजूनेच. इगाच एवढासा आहे म्हणून."

त्यांचा हात शेंगांतच थांबला.

"मला वाटलं, तू त्याला उपाशी ठेवतेस," मग त्या म्हणाल्या. "स्वतःला ठेवतेस तशी. माझं मोजून, त्याचं मोजून, आणि स्वतःला काहीच नाही. मला वाटलं, ताकाकोच्या त्या बोलण्याचं उट्टं तू सगळ्या घरावर काढतेयस."

"तुम्ही ऐकलं होतं?"

"शेजारीच बसले होते. तिचं तोंड तेव्हाच बंद करायला हवं होतं मी. माझा लेक लहानपणापासून खादाड होता. त्याला पोटभर घालणारी मिळाली, याचं मला समाधानच होतं. पण लोकांसमोर जीभ उचलली नाही माझी."

वर्षभर मला वाटत होतं की त्याही मनातून तोच प्रश्न विचारतात. त्या विचारत नव्हत्या, हे ऐकून इतका थकवा आला की बसल्या जागी झोप लागेल असं वाटलं.

सासूबाई गुडघ्याला हात लावून उठल्या. देव्हाऱ्यासमोर हात जोडले, आजचा मांजू उतरवला आणि बशी माझ्यापुढे ठेवली.

"आता हे कुणी खायचं, ते तूच सांग."

उद्यापासून ठेवूच नका, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. इगाला जगवायचं तर हा मांजू मलाच खावा लागणार होता. दुसरा मार्ग नव्हता.

मी मांजू उचलला. वरून सुकला होता, उदबत्तीचा वास येत होता. पहिला घास तोंडातच घोळवत राहिले. तेइजीपुढून उचललेलं खायचं म्हणजे तो खाणार नाही हे कबूल करणं, म्हणूनच इतके दिवस माझं पोट भरलेलं असायचं. ते आत्ता कळलं. मग रडू आलं, तोंडात घास असतानाच. सासूबाईंनी पाठीवर हात नाही ठेवला, चहा पुढे सरकवला.

"गोड आहे," मी म्हटलं. "फारच गोड आहे."

"त्याला तसंच लागायचं."

मी सगळा खाल्ला. सावकाश, बसून. टोपलीत इगा कूस बदलून पुन्हा घोरू लागला. सासूबाईंनी रिकामी बशी उचलली, पण ती मोरीकडे नेली नाही. फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बशी तिरकी करून त्याला दाखवली.

"बघ रे तेइजी," त्या म्हणाल्या. "हिने संपवलं."