मीटिंग शाळेतच घ्यावी

कर्नाटकातल्या मंठाळच्या राघोबा मराठी शाळेचा कारभार पिराप्पाच्या ओसरीवरून चालायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. निदान पिराप्पाला तरी वाटत नव्हतं. शाळेची जमीन त्याच्या बापाची. राघोबा तिथं मेंढ्या बसवायचा. शाळेला नाव बापाचंच. मास्तरांचे पगार सरकार द्यायचं, पण संस्था पिराप्पाची आणि संस्थेचे सभासद म्हणजे सगळे त्याचे भाऊबंद. महिन्याला मीटिंग भरायची. बायको पद्माबाई चहा करायची, चुलतभाऊ जगदेवप्पा तो दोनदा प्यायचा आणि पिराप्पा म्हणेल त्याला मान हलवायचा. असा अध्यक्ष व्हायला कुणाला आवडणार नाही!

मग बेंगळूरला कुणाच्या तरी डोक्यात खाजगी शाळांचा कायदा बदलायचं आलं. मसुदा निघाला. ज्या शाळा सरकारी पगारावर चालतात त्यांच्या समितीत निम्मे पालक असावेत, अध्यक्ष मतानं निवडावा, मीटिंग शाळेतच घ्यावी, असं त्यात होतं. लोकांच्या हरकती ऐकायला तालुक्याला, बसवकल्याणला अधिकारी येणार होते.

पिराप्पाचा तिळपापड झाला. शाळेतली निम्म्याहून जास्त पोरं बौद्ध वस्तीतली. त्यांचे आईबाप आपल्याला मत देतील असं छातीवर हात ठेवून त्याला म्हणता येईना, आणि नेमकं तेच झोंबत होतं.

"मी त्यांची पोरं घेतली शाळंत," तो पद्माबाईला म्हणाला. "दुसऱ्या कुणी घेतली असती का?"

सरकारी पगारावरच्या शाळेला पोरं नाकारता येतच नाहीत, हे तो सोयीनं विसरला होता.

"मग देतील की मत," पद्माबाई म्हणाली. "तुमी कामून भ्यायलात?"

तो तिच्यावरच खेकसला आणि इस्त्रीचा सदरा घालून बसवकल्याणच्या बसकडे निघाला. बसमध्ये जगदेवप्पानं त्याच्यासाठी जागा धरली होती. मागच्या बाजूला वस्तीतली चांगुणाबाई उभी होती. तिचा नवरा ज्ञानोबा पुण्याला बांधकामावर, ही इथं मोलमजुरी करायची. बाजाराला निघाली असेल, असं पिराप्पाला वाटलं. तसं त्याला बऱ्याच बाबतीत वाटायचं, आणि वाटलं की तो विचारायच्या भानगडीत पडत नसे.

बसवकल्याणच्या हॉलमध्ये गर्दी होती. पिराप्पा आठवडाभर घोकलेल्या कन्नडमध्ये दणकून बोलला. बापानं जमीन दिली, आम्ही शाळा उभी केली, आणि ज्यांना शाळेतलं काही कळत नाही ते आता आम्हाला शिकवणार काय? टाळ्या पडल्या. जगदेवप्पानं तर दोन्ही हात वर करून वाजवल्या. पिराप्पा खुशीत खाली बसला.

"मला बोलायचंय सायेब," मागून आवाज आला. चांगुणाबाई उभी राहिली होती. पदर खांद्यावरून घट्ट ओढून ती मराठीतच बोलली. अधिकाऱ्यांची या भागात बरीच वर्षं गेली होती, त्यांना मराठी समजत होतं.

"ते निम्मे पालक, मतं, मला कळंना. अप्पाच ऱ्हावं अध्यक्ष, माजं काई म्हणणं न्हाई. मीटिंग शाळंत घ्या, तेवढं मातर ऱ्हाऊ द्या कायद्यात."

"तेवढंच का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माजी स्नेहल गेल्या साली सातवी पास झाली. आमच्या शाळंत आठवी न्हाई. पोरीला एकटीला बसनं हितं धाडायचं मला भ्या वाटतं. गावातच आठवी काढा म्हणायला मी मीटिंगच्या दिशी अप्पाच्या घरी गेले. आत जायची आमची रीत न्हाई. भायेर बसले. मीटिंग सुटली, अप्पांनी मला बगितलं. म्हणले, उद्या ये, खुरपणी हाय."

"मग?"

"मग काय, गेले खुरपायला. पोरीलाबी संगं नेलं." ती पिराप्पाकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर त्याला बरं वाटलं असतं. "अप्पांचा दोस न्हाई त्यात. त्यांच्या दारात मी कामालाच जाते. मीटिंग शाळंत असती तर त्यांना वाटलं असतं, ही शाळंसाठी आलीया."

पिराप्पाला तो दिवस आठवला. दारात बसलेली बाई बघून, चला, मजुरीला माणूस आयतं मिळालं, म्हणून तो खूश झाला होता. त्याला लाज वाटली. भर सभेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, मान वर करवेना इतकी लाज वाटली. परतीच्या बसमध्ये जगदेवप्पा भाषणाची तारीफ करत राहिला, तेव्हा "गप बस रे जरा" एवढंच तो बोलला.

पुढं काही महिन्यांनी बेंगळूरचं सरकार पडलं आणि मसुदा कुठल्या कपाटात गेला ते देव जाणे. जगदेवप्पा पेढे घेऊन आला.

"ह्या म्हैन्याची मीटिंग शाळंत घ्यायची," पिराप्पा म्हणाला.

"आता कामून? कायदा तर आलाच न्हाई!"

"न्हाई आला तर न्हाई. शाळंत घ्यायची."

आतून पद्माबाई म्हणाली, "चहा तिकडंच पाठवते."

चांगुणाबाई त्याला पिठाच्या गिरणीवर भेटली. पुन्हा घोटाळा नको म्हणून पिराप्पानं चार लोकांसमोर मोठ्यांदा सांगितलं, "शाळंच्या मीटिंगला ये. शाळंच्या. कामाला न्हाई." लोक हसले. चांगुणाबाई "येते" म्हणाली आणि पिठाचा डबा डोक्यावर घेऊन गेली.

मीटिंगला ती आली, वस्तीतले आणखी काही जणही आले. जगदेवप्पानं तोंड वाकडं केलं, पण पिराप्पानं तिकडं बघितलंच नाही. त्यानं पहिलाच विषय आठवीच्या वर्गाचा घेतला. परवानगी मागायचा ठराव झाला. हेडमास्तरांनी तो वाचून दाखवला तेव्हा पिराप्पाला फार दिवसांनी मोकळं वाटलं.

"चांगुणा," तो म्हणाला, "परवानगी आली की पैलं नाव स्नेहलचं. पाठव तिला."

"ती हितं न्हाई आता, अप्पा. दिवाळीलाच बाप घिऊन गेला तिला. पुण्यात धुणीभांडी करायलीय."

"मग तू कशाला..." पिराप्पा म्हणाला आणि थांबला.

"आळीत बाकीच्या पोरी हायत की," चांगुणाबाई म्हणाली. तिनं खुर्ची थोडी पुढं ओढली. "पुढचा इषय काय हाय, ते घ्या."