वैशाखात काढलेलं जांभूळ

तोतारामआबा गेले तेव्हा त्यांच्या पत्नी सुगंधाबाईंनी त्यांची रक्षा धरणगावजवळच्या शेतातच खड्ड्यात घातली आणि वर जांभळाचं रोप लावलं. रोपानं जीव धरला, कमरेएवढं झालं, आणि तेवढ्यात दोघा मुलांच्या वाटण्या झाल्या. झाड थोरल्या नवलच्या हिश्श्यात गेलं, तेही नेमकं त्याला ट्रॅक्टरची शेड घालायची होती तिथं.

धाकटा भूषण जळगावला मेहरूणमध्ये राहायचा. आबांच्या शेवटच्या दुखण्यात तो फोनवर 'येतो, येतो' म्हणत राहिला आणि आला तो थेट खांदा द्यायला. झाड मी माझ्या अंगणात नेतो, असं त्यानं सांगितलं.

"पाऊस पडू दे, मंग ली जाय," नवल म्हणाला. "शेडनी माले घाई नही."

पण बांधावर शेडसाठी वाळू येऊन पडल्याचं कळलं आणि भूषणच्या मनात पाल चुकचुकली. नवल भुसावळला गेलेला पाहून तो भर वैशाखात, दुपारी, टेम्पो आणि दोन मजूर घेऊन शेतात आला.

"आते नको काढू, भाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या. "ऊन देख कितलं शे. मुया तुटन्यात का पानी कोन वढी?"

"मुळ्यांभोवतीच्या मातीसकट मोठा गड्डा काढतो, माय. काही होत नाही."

"नवलनी सबद देयेल शे ना."

"शब्द दिलाय, मग वाळू कशाला आणली त्यानं?"

सुगंधाबाईंच्या हातात फोन होता. नवलला लावावा असं त्यांना वाटलं. पण आबांच्या रक्षेवर उभे राहून दोघे भाऊ भांडतील, या धास्तीनं त्यांनी लावला नाही. माती वाळून भुगा झालेली. झाड उचलताच गड्डा फुटला आणि मुळ्या उघड्या लोंबू लागल्या. भूषणनं घाईघाईनं ओलं पोतं गुंडाळलं.

संध्याकाळी नवल खड्ड्यापाशी उभा राहिला. "थांबना नही का तो?" एवढंच बोलला आणि हातपाय धुवायला गेला.

मेहरूणला भूषणनं झाडावर हिरवी जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. तरी पानं आधी मुरडली, मग करपली. नर्सरीवाला येऊन बघून गेला. पाऊस लागेपर्यंत थांबायला हवं होतं, म्हणाला; आता हातात काही नाही.

सुगंधाबाई जळगावला गेल्या. त्यांनी खोडाची साल नखानं खरवडून पाहिली. वरपासून बुडापर्यंत कुठंच ओल नव्हती.

"मी पाणी कमी पडू दिलं नाही, माय."

"नही रे."

"तेव्हाही वेळेवर आलो नाही. आणि आता नको तेव्हा—"

त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना वाटलं, पण हात उचलेना. राग त्याच्यावर होता, आणि न लावलेल्या त्या फोनपायी स्वतःवरही. शेवटी त्यांनी नवलला फोन लावला, झाड गेल्याचं सांगितलं आणि फोन भूषणच्या हातात दिला.

भूषण नुसतं 'हो' म्हणत राहिला.

"काय म्हने?"

"पावसात ये म्हणतो. तिथंच दुसरं लावू म्हणतो. शेड बाजूला सरकवतो."

"जाशी ना?"

भूषण जाळीच्या गाठी सोडत बसला.