फटीतल्या सुया

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे सोनपेठात कुणालाही विचारा. वाचनालयाच्या माडीवर मी शिवणवर्ग चालवायचे. माडीची जमीन सागवानी फळ्यांची, निजामाच्या काळातली. शहाऐंशी साली ती इतकी काळी आणि खरबरीत झाली होती, की मांडी घालून बसलेल्या बायांच्या लुगड्यांत कुसळं घुसत.

वाचनालयाचे अध्यक्ष व्यंकटराव म्हणाले, "कुसुमबाई, पाचशेत दुरुस्ती होत असंल तर करू. त्यावर एक रुपया गेला तर माडी सरकीच्या पोत्यांना देऊन टाकू. भाडं तरी येईल." मी वरवर "बघू" म्हणाले, पण मनात हिशेब मांडला. एकोणीस बाया शिकत होत्या आणि गावात एवढी दुसरी जागा नव्हती. माडी गेली की वर्ग बंद.

अंदाज काढायला नागनाथ मिस्त्री आला. त्यानं सगळी माडी अनवाणी चालून पाहिली, ठिकठिकाणी हातोडीच्या दांड्यानं ठोकून कान लावला.

"वाळवी न्हाई, कूज न्हाई. लाकूड लय जबर हाय बाई. वरचा काळा थर रंध्यानं काढायचा, मग काचकागद, मग जवसाचं तेल. साडेचारशेत बसवतो."

मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलले. तेवढ्यात तो एका फळीवर रंधा लावून बघायला बसला. दोनदा सरळ गेला, तिसऱ्यांदा खर्र झालं आणि पात्याला खाच पडली. त्यानं फटीत बारीक सळई घालून सुईचं तुटकं टोक बाहेर काढलं. मग दुसरं. मग तिसरं.

"हे काय पेरून ठेवलंय बाई? असं असंल तर पाती जातील, दिवस दुप्पट लागतील. हजाराच्या खाली परवडत न्हाई मला."

तो गेला आणि मी वर्गावर तुटून पडले. "फटीत सुया कुणी घातल्या?" शेवटी मनकर्णा उभी राहिली. ही माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, तेव्हा माझ्या हाताखाली शिकवायची.

"बाई, सुई मोडली की तुमी चार आणे घ्यायच्या आन् वरून अर्धा घंटा बोलायच्या. चार आण्याचं काही न्हाई, बोलण्याला भ्यायचो आमी. म्हणून तुकडा फटीत सारायचा आन् घरची सुई काढायची."

"सगळ्या?"

"सगळ्याच."

माझ्या वर्गात सुया मोडत नाहीत, अशी बढाई मी सतरा वर्षं मारत होते. मला लाज वाटली, अगदी खरी लाज.

मनकर्णानं बाजाराच्या दिवशी गावोगावी निरोप धाडला. पुढच्या बाजाराला जुन्या बाया एसटीनं आल्या, कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी सासूला घेऊन. प्रत्येकीची बसायची जागा ठरलेली असायची, त्यामुळे आपापली फट जिला तिला ठाऊक. केसांचे आकडे, दाभण, बिघडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक, जे मिळेल ते घेऊन सगळ्या ओणव्या झाल्या. दुपारपर्यंत वाटी भरली. त्यांच्यातली बायनाबाई तर एक तुकडा उचलून "ही माझ्या पहिल्या पोलक्याची!" म्हणून हसत सुटली.

नागनाथनं येऊन पुन्हा सळई फिरवली. सगळीकडे साफ. फक्त माझ्या खुर्चीखाली तो अडला. तिथल्या सुया निघता निघेनात.

"इथं कुणी घातल्या?" मी ओरडले.

मनकर्णानं तोंडाला पदर लावला. "सगळ्यांनीच. काम दाखवायला जवळ बसलो की तिथंच सारायचो. तुमी समद्या वर्गावर नजर ठेवायच्या, बाई. खुर्चीखाली कवा बघायच्या?"

माडीभर हशा पिकला, आणि मलाही हसू आवरेना.

तेवढी जागा साफ झाल्यावर नागनाथनं नवं पातं बसवून रंधा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेला. कुठंच अडकला नाही. काळ्याखालून मधाच्या रंगाचं सागवान वर आलं. "साडेचारशे," तो म्हणाला. "लिहून देतो."

मी होते तिथं फळ्यांवर बसले आणि लाकडावरून हात फिरवत राहिले. मी गप्प झालेली पाहून बायाच घाबरल्या.

"बाई, काय होयलंय?" मनकर्णानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"काही नाही गं," मी म्हणाले. "जागा राहिली आपली."