दुसऱ्या जॅकची वायर

“पुढं सर गो कमळ. माईक काय चावत न्हाय.”

तिचा नवरा गुणाजी लग्नाच्या मांडवात असं म्हणायचा आणि बेंजोवरून मान न उचलता हसायचा. तो आवाज कमळच्या कानात अजून होता. घरात मात्र आता आवाज म्हणून नव्हता. गुणाजी वारला, मुलगा अल्पेश कामापायी न्हावा शेव्याला राहायला गेला, आणि गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर गोधडीखाली मुका बसला. गुणाजीच्या बेंजो पार्टीत सगळे त्याला पेटी म्हणत. त्या पेटीतून एकदा बेंजो ऐकायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

धाकटा दीर बुधाजी, पार्टीचा ढोलकीवाला, ओटीवर सुपारी कातरत म्हणाला, “भंगारात दे, वैनी. आता हळदीला डीजे येतो. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात.”

“तुमच्या ढोलकीनंपन थांबायच्याच, भावजी.”

“हां. पन सुरू करून करशील काय? गानार हायस?”

कमळ पेटीचे स्क्रू काढत राहिली.

लग्नाआधी ती रेडिओच्या कंपनीत सोल्डरिंग करायची. पट्टा सरकायचा, तिच्या वाट्याला एकच जोड. हात तयार होता, पण अख्खं यंत्र कसं जुळतं ते कुणी दाखवलं नव्हतं. त्यासाठी पेटीच्या आतल्या वायरींचा नकाशा हवा होता. मागच्या पत्र्यावरचा मॉडेल नंबर झिजला होता. तिनं त्यावर पावडर चोळली, खोलगट आकडे पांढरे उमटले, आणि त्यांचा फोटो अल्पेशला पाठवला. त्यानं आधी धाडलेला नकाशा भलत्याच पेटीचा निघाला. मग कुठल्याशा परदेशी वादकानं इंटरनेटवर ठेवलेला बरोबर नकाशा सापडला, कोपऱ्यावर कपाचा गोल डाग असलेला.

“आई, जेवतेस ना?” अल्पेशनं फोनवर विचारलं.

“व्हय,” ती म्हणाली. एकटीसाठी भात लावायचा कंटाळा येतो, हे सांगितलं नाही.

पोयनाडच्या दुकानात नकाशा छापून घेतला आणि ती दाराच्या उजेडात बसली. एक बोट कागदावर, एक पेटीत. दोन कपॅसिटर भिजल्या वालासारखे टम्म फुगले होते. ते बदलले. पुढे वायरीमागून वायर जुळत गेली, बेंजो-माईक खोचायच्या दुसऱ्या जॅकपाशी येऊन अडली.

तिथे एक रेझिस्टर होता. नकाशात नव्हता.

त्याच्या दोन्ही टोकांना कथलाचे ओबडधोबड गोळे. कमळचं बोट थांबलं. गुणाजीला सोल्डरिंग तिनंच शिकवलं होतं. कथील वितळून पसरेपर्यंत त्याला कधी धीर धरवला नाही.

पेटीला जॅक दोन, पण आवाज वाढवायचं बटण दोन्ही जॅकना मिळून एकच. वरातीत गुणाजी पहिल्या जॅकवर वाजवायचा, तेव्हा बेंजो खारेपाटातल्या गावागावांत दणाणायचा. ती गायला उभी राहिली की पहिला जॅक तिच्या माईकला. तो दुसऱ्यावर जायचा, आणि त्याचा बेंजो दबकत, मागे मागे चालायचा.

*खारा वारा सुटला, मांडवी दिवा हालला,*
*पदराच्या आडोशाला माउलीनं सांभाळला.*

हे गाताना तो दबका बेंजो तिच्या जिवाला लागायचा; आपल्या गाण्याला हा मुद्दाम हात आखडतो, असं वाटायचं. एका हळदीनंतर ती म्हणाली, घसा गेला, आता गाणार नाही. त्यानं मान डोलावली. पुढे दोघं एका ताटात जेवली, पण या विषयावर कधी बोलली नाहीत.

कमळनं खुंटीवरचा बेंजो उतरवला, पेटी लावली. आधी घरघर, मग शांत. पहिल्या जॅकवर तार छेडली तर ओटीवर बुधाजीचा अडकित्ता थांबला. दुसऱ्या जॅकवर तीच तार, तितक्याच जोरानं. आवाज निम्मासुद्धा नव्हता.

तिचा गळा वर राहावा म्हणून त्यानं त्या रेझिस्टरनं स्वतःचाच बेंजो दाबला होता. कमळनं पेन्सिल घेतली आणि नकाशात, दुसऱ्या जॅकच्या वायरीवर, तो रेझिस्टर काढला. पेटीतला काढला नाही. बेंजोची वायर दुसऱ्या जॅकमध्येच राहू दिली आणि पहिल्यात माईक लावला.

“वैनी?” बाहेरून बुधाजी म्हणाला. “गातेस काय?”

कमळ जराशी पुढं सरली, माईकला तोंड लावलं. स्वतःचा श्वास तिला खोलीभर ऐकू आला.

“घसा न्हवता गेला,” ती गुणाजीच्या बेंजोकडं बघत म्हणाली. “मला वाटलं, बायको चारचौघांत गाते याची तुमाला लाज वाटते. म्हनून गायचं सोडलं.”